वाचून दाखवले, नीट समजले

असुओसो
१२ ऑगस्ट १९९६

आर्थरमामा,

तारीख मिळाली एकदाची. नऊ नोव्हेंबर, शनिवार. कुळाचे थोरले ओपानिन दुआ यांनी तीन बैठका घेतल्या, तिन्ही वेळा पूर्वजांसाठी श्नॅप्सची दारू जमिनीवर ओतली आणि उरलेली स्वतः संपवली, तेव्हा कुठे ठरलं. तोवर नाना शवागारात. जन्मभर पक्षकारांसाठी पुढची तारीख मागत आले, शेवटी स्वतःलाही तारीखच मिळाली. हे मी म्हणत नाही, नाना असते तर त्यांनीच म्हटलं असतं.

अंत्यविधीची पुस्तिका करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नात शिक्षिका आहे, नानांच्या मांडीवर वाढली आहे, तिनेच लिहावं असं सगळ्यांचं एकमत. एरवी आमच्या कुळात मीठ किती घालायचं यावरही एकमत होत नाही. चाळीस पानं, आठशे प्रती, कुमासीच्या छापखान्यात. जीवनचरित्र, भजनं, चर्चची, वकिलांच्या संघाची, कुळाची आणि शेवटी नातीची श्रद्धांजली. चरित्राला तुमची मदत हवी. सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्यातली चाळीस वर्षं तुम्ही त्यांचे कारकून होतात. ते विलायतेहून केव्हा आले, असुओसोत केव्हा बस्तान बसवलं, कोणते खटले गाजले, सगळं लिहून पाठवा. विधवांचे खटले तर हवेतच. नवरा गेला की रीतीने वारस ठरणारे त्याचे भाचे येऊन बाईला कोकोच्या मळ्यातून हाकलायचे आणि नाना तिला परत मळ्यात नेऊन बसवायचे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण मला नावं आणि सालं हवीत.

माझी श्रद्धांजली लिहून झाली. माझे केस ते स्वतः विंचरायचे, तेल लावून भांग पाडायचे आणि वेणी जमली नाही की कोर्टात जाताना वाटेत कुणा बाजारवालीला थांबवून घालून घ्यायचे. संत्र्याची साल एकही तुकडा न पाडता सलग काढायचे आणि माझ्या गळ्यात घालायचे. चौथ्या वर्षी मला वाचायला शिकवलं, तेही कायद्याच्या पुस्तकावरून. आणि तुम्हाला पाठ असलेला तो किस्साही घातलाय. मी आठ वर्षांची, शाळेच्या फाटकाशी कुणी एक खुळी बाई आली, भाजलेलं केळं माझ्या हातात कोंबायला लागली आणि हात सोडेना. मी तिला ठणकावलं, “माझे नाना वकील आहेत. हात सोड, नाहीतर तुला कोठडीत टाकतील.” घरी येऊन सांगितलं तर नाना पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दर नाताळात जेवणाच्या टेबलावर तो किस्सा व्हायचाच. तो वाचताना सारा मांडव हसेल. नानांना रडकी श्रद्धांजली आवडली नसती.

चरित्रातलं एक वाक्य तपासून द्या. “एकुलता मुलगा क्वाकू १९६६ साली लॉरीच्या अपघातात गेला, सून चार वर्षांची मुलगी टाकून निघून गेली आणि नानांनी सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा बापपण पत्करलं.” बरोबर आहे ना? ती कुठे गेली, कुणाबरोबर गेली, ते मला नको. पण खोटं छापलं जायला नको.

पायाला जपा.

तुमची
सेरवा


सॉल्टपाँड
२७ ऑगस्ट १९९६

सेरवा पोरी,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी ओसरीवर पाय वर करून बसलो होतो. साखरेच्या आजाराने उजवा पाय जवळजवळ खाल्लाच आहे. डावा मी त्याला दाखवत नाही.

साहेब १९४६ साली बोटीने परत आले आणि सत्तेचाळीस साली असुओसोत उतरले, तेव्हा तिथल्या कोर्टाला छप्पर नव्हतं. पाऊस आला की न्यायाधीश, आरोपी आणि पोलीस एकाच आंब्याखाली उभे राहायचे. मी एक्कावन्न साली लागलो. पहिल्याच महिन्यात तुझ्या आजीने साहेबांचा तो कोर्टात घालायचा केसांचा टोप धुऊन कुंपणावर वाळत टाकला आणि कोंबडीने त्यात अंडं घातलं. साहेब कोर्टाला उशिरा पोहोचले. न्यायाधीशांनी कारण विचारलं, तर साहेबांनी अंडं खिशातून काढून पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं. हे छापायला हरकत नाही.

खटल्यांपैकी अठ्ठावन्न सालचा आद्वोआ फ्रेमाचा घे. नवऱ्याच्या भाच्याने तिला मळ्याबाहेर काढलं होतं. साहेबांनी भाच्याला एकच प्रश्न विचारला, ओढ्याकडच्या बांधावर कोकोची झाडं किती? तो म्हणाला, असतील साठ-सत्तर. मग बाईला विचारलं. ती म्हणाली, त्रेपन्न, आणि त्यातलं एक माझा धाकटा मुलगा गेला त्या दिवशी लावलेलं. न्यायाधीश जागेवरून उठून मळा मोजायला गेले. त्रेपन्नच निघाली. असे एकोणीस खटले. यादी वेगळ्या कागदावर आहे.

आता म्हाताऱ्याचं ऐक. दोन गोष्टी पुस्तिकेतून काढ. एक, तुझ्या आईबद्दलचं वाक्य. चरित्र साहेबांचं आहे, तिथे तिचं काय काम? नुसतं लिही, की मुलगा गेल्यावर नातीला त्यांनी वाढवलं. दुसरी, तो फाटकाचा किस्सा. घरात ठीक आहे, पण मेलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून हसवणं बरं दिसत नाही. केसांचं आणि संत्र्याचं लिहिलंस ते पुरेसं आहे.

तुझा
एबेनेझर आर्थर


असुओसो
८ सप्टेंबर १९९६

आर्थरमामा,

अंड्याचा किस्सा चालतो आणि माझा चालत नाही? कोंबडी तुमची पक्षकार होती का?

पण आज भांडायला नाही लिहीत. काल नानांच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडली. पदव्या, आजीची पत्रं, बाबांचा शाळेतला फोटो, आणि तळाला मेणकापडात गुंडाळलेला एक टंकलेला कागद. ९ मार्च १९६७. मी तो पेटीवरच बसून वाचला आणि तासभर उठले नाही.

तुम्हाला त्यात काय आहे ते माहीतच आहे. “मी, याआ मान्सा, मयत क्वाकू दार्को याची विधवा, माझी मुलगी अकोसुआ सेरवा हिला स्वखुशीने व कायमची तिच्या आजोबांच्या हवाली करत आहे. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय मी तिला भेटणार नाही, तिच्या शाळेत वा घरी जाणार नाही.” खाली जांभळ्या शाईतला अंगठा. त्याच्याखाली ती नेहमीची ओळ, जी तुम्ही हजारदा टंकली असेल: वरील मजकूर अंगठा करणारीस त्वी भाषेत वाचून दाखवला, तिला तो नीट समजला, मग तिने अंगठा केला. आणि सही तुमची, शेपटीला दोन वेटोळी असलेली.

म्हणजे ती पळून गेली नाही. शुद्धीत बसून, समजून, कागद करून मला देऊन गेली. मामा, पळून गेलेल्या बाईला मी एवढी वर्षं मनातल्या मनात थोडी सूट दिली होती. वाटायचं, बावीस वर्षांची पोर, नवरा गेला, घाबरली असेल. आता ती सूट गेली. आपल्यात मूल आईच्या कुळाचं, मामाचा हक्क आधी आणि बापाच्या घरच्यांचा नंतर. एवढी सगळी रीत तिच्या बाजूची असताना तिने मला कागदावर लिहून सोडलं. शेळीसुद्धा माणूस एवढ्या सहज लिहून देत नाही.

वाक्य मी बदललंय. “टाकून निघून गेली” काढलं, “आईने तिला स्वखुशीने, लेखी हवाली केलं” घातलं. आता ते तंतोतंत खरं आहे, आणि पुरावा माझ्या हातात आहे. नाना खूश झाले असते.

एवढंच सांगा. तुम्ही तिथे होतात. अंगठा करताना ती रडली का?

सेरवा


सॉल्टपाँड
३० सप्टेंबर १९९६

सेरवा पोरी,

उत्तराला उशीर झाला. पाय सुजला होता.

नाही, ती रडली नाही.

तो कागद पेटीत ठेवून दे. मी नोव्हेंबरमध्ये येतोच आहे, तेव्हा समोर बसून बोलू. काही गोष्टी टपालाने पाठवण्याजोग्या नसतात. फाटकाचा किस्सा मात्र काढ. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे एवढं मागतो.

एबेनेझर आर्थर


असुओसो
६ ऑक्टोबर १९९६

आर्थरमामा,

रडली नाही. बरं झालं विचारलं.

पुस्तिका वीस तारखेला छापखान्यात जाते. ओपानिन दुआ रोज माणूस पाठवून विचारतात, जणू कुणी मेलंय. कारण द्या, किस्सा काढते. नुसतं “काढ” म्हणू नका. कारण न देता कागद करायला मी काही तुमची पक्षकार नाही. वीस तारखेपर्यंत वाट बघते.

सेरवा


असुओसो
११ नोव्हेंबर १९९६

आर्थरमामा,

तुमचं पत्र आलंच नाही, किस्सा छापला गेला, आणि बघा, काही आभाळ कोसळलं नाही. शवपेटीवर टोप ठेवला होता, तुम्ही बघितलंत. एकोणीसपैकी सात विधवा अजून हयात आहेत, त्या लाल-काळी वस्त्रं नेसून ओळीने पुढे आल्या, तेव्हा बँडवाल्यांनीसुद्धा वाजवायचं थांबवलं. मला फार अभिमान वाटला. मी फाटकाचं वाचलं तेव्हा सगळा मांडव हसला, मोठे न्यायाधीश तर खुर्चीत मागे रेलून हसले. तुम्ही हसला नाहीत, मी व्यासपीठावरून बघत होते. आणि काही न बोलता, रविवारच्या प्रार्थनेलाही न थांबता, शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निघून गेलात. समोर बसून बोलणार होतात ना? असे कसे तुम्ही?

एक विचारायचं राहिलं. तुमच्या शेजारी एक बाई बसली होती, पन्नाशीची, उंच, काळं जुनं वस्त्र नेसलेली. तुम्ही तिला पुस्तिका वाचून दाखवत होतात. ती रविवारी प्रार्थनेनंतर माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात धरले. हातांना कोळशाच्या धुराचा वास. म्हणाली, “मला वाचून दाखवलं, लेकी. तू लहान होतीस. मी कधीच मनात धरलं नाही.” मला काही कळेना. अंत्यविधीला शंभर म्हाताऱ्या येतात आणि शंभर गोष्टी बोलतात. मागे रांग लागली होती. मी म्हटलं, “आभारी आहे, आई, जेवून जा,” आणि वाढप्यांना खूण करून तिला भाताच्या मांडवाकडे पाठवलं. तिने केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं होतं. गडबडीत ते कुठे राहिलं कोण जाणे.

कोण होती ती? नानांची कुणी पक्षकार असेल तर आभाराच्या यादीत नाव घालायला हवं.

तुमची
सेरवा


सॉल्टपाँड
१४ नोव्हेंबर १९९६

सेरवा,

पंधरा ऑक्टोबरला मी तुला पत्र लिहिलं होतं. पाकिटावर तिकीट लावलं. तीन वेळा टपालपेटीपर्यंत गेलो आणि तीनही वेळा पाय दुखला म्हणून परत आलो. पेटी घरापासून चाळीस पावलांवर आहे. ते पत्र कोटाच्या खिशात घालून मी अंत्यविधीला आलो आणि खिशातच घेऊन परत गेलो. आता ते फाडलं. हे लिहितोय आणि लिहून झालं की नातसुनेच्या हाती देणार, माझ्या हाती ठेवणार नाही.

ती याआ मान्सा होती. तुझी आई.

सदुसष्ट साली तिचे भाऊ तुला न्यायला येणार होते. रीतीप्रमाणे तू त्यांचीच होतीस, साहेबांचा हक्क शून्य. त्यांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. क्वाकूला पुरून वर्ष झालं नव्हतं. तू त्यांच्या खोलीत झोपायचीस, त्यांचं बोट धरून. त्यांनी तो कागद स्वतः टंकला, मला टंकू दिला नाही. मग मान्साला बोलावलं, स्वतः पडवीत जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, “आर्थर, असं वाच की ती रडणार नाही.” एवढंच. खोटं वाच असं ते म्हणाले नाहीत. ते वकील होते.

मी वाचलं. कागदावर नजर ठेवून, ओळीवरून बोट फिरवत, आवाज कारकुनाचा ठेवून मी वाचलं, की मुलगी शाळेत असेपर्यंत आजोबांकडे राहील, आई दर रविवारी येऊन भेटेल आणि सुट्टीत तिला गावी नेईल. तिने ऐकलं. म्हणाली, “ते मोठे आहेत, त्यांच्याकडे पुस्तकं आहेत. शिकू दे.” आणि हसत अंगठा केला. तू विचारलंस रडली का, मी लिहिलं नाही. ते खरं होतं. माझं जन्मभर असंच चाललंय, एकेक वाक्य घेतलं तर खरं असतं.

पुढच्या रविवारी ती तुझ्यासाठी फ्रॉक घेऊन आली, तेव्हा फाटकावर तिला कागद दाखवला गेला. ती भावांना घेऊन कोर्टात गेली. न्यायाधीशांनी विचारलं, अंगठा तुझा? तिचाच होता. विचारलं, वाचून दाखवला होता? मी उभा राहून सांगितलं, दाखवला होता. अडाणी माणसाला कुणी फसवू नये म्हणून सरकारने ती शेवटची ओळ कायद्यात घातली आहे. साहेब ती ओळ धरून दुसऱ्यांचे किती कागद फाडायचे. त्यांच्या कागदातली ती ओळ कुणी फाडायची? विधवांचा वकील समोर उभा म्हटल्यावर तिच्या बाजूने उभं राहायला गावात दुसरा वकीलच नव्हता.

फाटकाशी जी बाई आली ती तीच. तुला ते वाक्य साहेबांनीच शिकवून ठेवलं होतं, कुणी अनोळखी माणसाने हात धरला तर म्हणायचं म्हणून. तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा ते हसले, हे खरं. डोळ्यांत पाणी आलं, हेही खरं. ते पाणी हसण्याचं होतं असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. त्यानंतर ती आली नाही. तेचिमानला गेली, लॉरीतळावर केळी भाजते.

तिने रेडिओवर अंत्यविधीची बातमी ऐकली. मांडवात आठशे खुर्च्या होत्या, ती येऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, “आर्थर, तू म्हातारा झालास.” मग पुस्तिका माझ्या गुडघ्यावर ठेवली. “तू वाचतोस छान. माझ्या लेकीने काय लिहिलंय, वाच.”

तेव्हा तू व्यासपीठावरून इंग्रजीत वाचत होतीस आणि लोक हसायला लागले होते. तिने विचारलं, हसतात का? मी म्हटलं, आधीचं काहीतरी गमतीचं होतं. आणि मी बोट ओळीवर ठेवलं आणि वाचलं: “माझी आई याआ मान्सा. ती मला भेटायला शाळेच्या फाटकाशी आली होती, भाजलेलं केळं घेऊन. मी लहान होते, मी तिला ओळखलं नाही. तो हात मी सोडायला नको होता. ती कुठे असेल तिथे तिने मला माफ करावं.” सेरवा, हे तू लिहिलं असतंस. तुला ठाऊक असतं तर तू हेच लिहिलं असतंस. मी पंधरा ऑक्टोबरचं पाकीट टाकलं असतं तर हेच छापलं गेलं असतं. तिने मला ते दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर मला तिथे बसवेना, म्हणून निघालो.

पुस्तिका ती घेऊन गेली आहे. तेचिमानला वाचता येणारी माणसं पुष्कळ आहेत. दुसऱ्या कुणी ती वाचून दाखवायच्या आत तू जा.

माफी मागत नाही. तेवढी अक्कल मला आहे.

एबेनेझर आर्थर


असुओसो
२६ नोव्हेंबर १९९६

आर्थर,

या वेळी ‘मामा’ लिहिलं नाही. मामा म्हणजे आईचा भाऊ, मुलीवर पहिला हक्क असणारा माणूस. माझे दोन होते म्हणे, दोघेही गेले. नानांनी मला तुम्हाला मामा म्हणायला शिकवलं, तेव्हा ते हसले होते का, आठवत नाही.

मी तेचिमानला जाऊन आले. लॉरीतळाच्या मागे, टायरवाल्याशेजारी तिची शेगडी आहे. मला बघून ती उठली नाही, पाट पुढे सरकवला. पुस्तिका तिने कापडात बांधून शेंगदाण्यांच्या डब्यात ठेवली होती. अजून कुणाला दाखवली नव्हती. म्हणाली, “तू येशील असं वाटलं, म्हणून थांबले. आता तूच वाच. आर्थर घाईने वाचतो.”

तुमचं पत्र मी वाटेत गाडीत पाठ केलं होतं. तुम्ही तिला काय वाचून दाखवलंत ते शब्द न् शब्द मला येत होतं. मी सव्विसावं पान उघडलं आणि छापील मजकुरावर बोट ठेवलं, तुम्ही ठेवता तसंच. आणि त्वीत वाचायला लागले. माझी आई याआ मान्सा. ती मला भेटायला शाळेच्या फाटकाशी आली होती. मी लहान होते, मी तिला ओळखलं नाही. तिने हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, “भाजलेलं केळं राहिलं. त्याने वाचलं तेव्हा केळं होतं.”

ज्याला वाचता येत नाही तो ऐकलेलं विसरत नाही, हे तुम्हाला आणि मला, दोघांनाही सुचलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पानाकडे. शेगडीवरची केळी करपायला लागली तरी तिने ती उलटली नाहीत. मग म्हणाली, “सेरवा, कागदावर आहे ते वाच. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी मला कागदावर आहे ते वाचून दाखवा.”

मी वाचलं. खुळी बाई, हात सोड, कोठडी, पोट धरून हसले, दर नाताळात. एक शब्द गाळला नाही. मग तिने सांगितलं नसताना मी सहावं पानही वाचलं, आईने स्वखुशीने, लेखी. तो मार्चमधला कागदही नेला होता, तोही वाचला, तुमच्या सहीपर्यंत. तीस वर्षांनी तिला कळलं की आपण नेमका कशावर अंगठा केला होता.

मला वाटलं ती हाकलून देईल. तिने एवढंच विचारलं, “तो हसला?” मी म्हटलं, हो. “दर वर्षी?” मी म्हटलं, दर वर्षी. ती करपलेली केळी एकेक करून बाजूला काढायला लागली. रविवारी मी तिला भाताच्या मांडवाकडे पाठवलं होतं, त्याचा विषय तिने काढला नाही. तिने दिलेलं केळं मी कुठे टाकलं, तेही विचारलं नाही. मीच सांगितलं आणि रडले. ती रडली नाही. तुमच्या माहितीसाठी.

नानांचं काय करू ते मला कळत नाही. त्यांनी माझे केस विंचरले ते खरं होतं. ताप आला की रात्ररात्र माझा हात धरून बसायचे, तेही खरं होतं. त्यांचं माझ्यावरचं प्रेम खोटं असतं तर मी त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवून मोकळी झाले असते. सात विधवा येऊन रडल्या, आठवी भाताच्या रांगेत उभी होती आणि तिला तिथे मीच पाठवलं होतं. संत्रं सोलायला घेतलं की आता माझ्याकडून साल तुटते.

उरलेल्या तीनशे प्रती ओपानिन दुआंना वार्षिक प्रार्थनेत वाटायच्या आहेत. मी त्या दिल्या नाहीत आणि जाळल्याही नाहीत. रोज संध्याकाळी बसून प्रत्येक प्रतीच्या सव्विसाव्या पानावर शाईने लिहिते, ती बाई माझी आई होती, आणि खाली तिचं नाव. आजवर चाळीस झाल्या. ओपानिन दुआ म्हणतात, कुळाची लाज काढतेस. मी त्यांना सांगितलं, मी तुमच्या कुळाची नाहीच, मी आईच्या कुळाची. साठ वर्षं रीत शिकवणाऱ्या माणसाला रीत ऐकवली की तो गप्प बसतो.

मी परत दर रविवारी जाणार आहे. ती ये म्हणाली नाही. येऊ नको असंही म्हणाली नाही.

निघताना तिने तुमच्यासाठी दोन ओळी सांगितल्या. तुम्ही उत्तर लिहू नका, असं मी सांगते. त्या ओळी तिच्या शब्दांत खाली उतरवल्या आहेत. मी शेजारच्या शिंप्याकडून निळ्या शाईची गादी आणली.

“आर्थर, तू वाचलंस ते मला फार आवडलं होतं. दोन्ही वेळा.”

वरील मजकूर अंगठा करणारीस त्वी भाषेत तीन वेळा वाचून दाखवला. कागदावर होता तोच वाचला. तिला तो नीट समजला, मग तिने अंगठा केला.

याआ मान्सा, तिचा अंगठा

वाचून दाखवणारी: अकोसुआ सेरवा, तिची मुलगी